पार्श्वभूमी किती धूसर होईल, हे लेन्सच्या कोणत्या आकड्यावरून ओळखावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याकडे एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमी एफ/३.५-५.६ ही किट लेन्स आहे. माणसांची छायाचित्रे काढताना पाठीमागचे सगळे जवळजवळ तितकेच स्पष्ट येते आणि चेहऱ्यावर नजर ठरत नाही. आता ५० मिमी एफ/१.८, ८५ मिमी एफ/१.८ आणि ५५-२५० मिमी एफ/४-५.६ यांपैकी एक लेन्स घ्यायची आहे. एका मित्राचे म्हणणे असे, की एफ नंबर (लेन्सवर ‘एफ/’ नंतर लिहिलेला आकडा) लहान हवा, बाकी काही पाहू नये. दुसऱ्याचे म्हणणे असे, की लांब फोकल लेंग्थ (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेला आकडा) घ्यावी, पार्श्वभूमी आपोआप विरघळते. दोघांकडे आपापले म्हणणे सिद्ध करणारी छायाचित्रे आहेत, त्यामुळे खरे कोणाचे मानावे, हे कळत नाही.

दोघांचेही अर्धे खरे आहे, आणि दोघांची छायाचित्रेही खरी आहेत, कारण ती वेगवेगळ्या परिस्थितीत काढलेली असणार. माझ्या मते इथला मूळ प्रश्न ‘कोणती लेन्स जास्त धूसर करते’ हा नसून ‘मी जिथे उभा राहतो, माझी पार्श्वभूमी जितकी दूर असते आणि माणसाचा जेवढा भाग मी चौकटीत घेतो, त्या परिस्थितीत कोणती लेन्स जास्त धूसर करते’ हा आहे. या तीन गोष्टी ठाऊक नसताना दिलेला कोणताही सल्ला अंदाजपंचेच ठरतो. मात्र त्या ठाऊक असल्या तर उत्तर साध्या भागाकाराने काढता येते, म्हणून आधी तो भागाकार समजावून सांगतो.

लेन्सच्या समोरून आत पाहिले की पात्यांनी वेढलेले एक उजळ भोक दिसते. समोरून दिसणाऱ्या या छिद्राचा व्यास म्हणजे फोकल लेंग्थ भागिले एफ नंबर. ५० मिमी एफ/१.८ साठी तो सुमारे २८ मिमी येतो, ८५ मिमी एफ/१.८ साठी ४७ मिमी, २५० मिमी एफ/५.६ साठी ४५ मिमी आणि तुमच्या किट लेन्सच्या ५५ मिमी एफ/५.६ या टोकाला जेमतेम १० मिमी. पार्श्वभूमी किती धूसर होईल, हे पाहताना मी लेन्सवरच्या कोणत्याही एकट्या आकड्याकडे न पाहता आधी हा भागाकार करतो. एफ नंबरवर सगळे काही अवलंबून असते, असे म्हणणारा मित्र या भागाकाराचा छेद पाहतो आहे आणि फोकल लेंग्थवर भर देणारा मित्र अंश पाहतो आहे.

हा व्यास एवढा महत्त्वाचा का, हे डोळ्यांसमोर आणणे अवघड नाही. समजा, एका व्यक्तीच्या मागे फार दूरवर एक दिवा आहे. इतक्या लांबून लेन्सपर्यंत येणारे किरण जवळजवळ समांतर असतात आणि त्यांतले छिद्रात शिरणारेच किरण छायाचित्रात उतरतात. म्हणजे दिव्यापासून आपल्यापर्यंत छिद्राच्याच जाडीची प्रकाशाची एक नळी येते आणि वाटेत ती त्या व्यक्तीच्या बाजूने जाते. कॅमेऱ्याचा फोकस त्या व्यक्तीच्या अंतरावर आहे, त्यामुळे तिथल्या पातळीवर नळीची जी जाडी असेल, तेवढीच चकती छायाचित्रात उमटते. छिद्र ४७ मिमीचे असेल, तर दूरचा दिवा त्या व्यक्तीच्या शेजारी ठेवलेल्या ४७ मिमीच्या गोल तबकडीएवढा दिसतो. मग कॅमेरा व्यक्तीपासून दोन मीटरवर असो की दहा मीटरवर, फरक पडत नाही. पार्श्वभूमीतला प्रत्येक बिंदू असाच पसरतो आणि अशा असंख्य चकत्या एकमेकींवर पडून जे तयार होते, त्यालाच आपण धूसर पार्श्वभूमी म्हणतो.

यावर माझ्या शब्दाखातर विश्वास ठेवण्याची गरज नाही, कारण तुमच्याकडच्या लेन्सनेच हे पडताळता येते. रात्री दोन मीटरवर एक मोजपट्टी उभी करा, तिच्यावर टॉर्चचा थोडा उजेड पाडा आणि तिच्या बाजूने शंभर-दोनशे मीटरवरचा एखादा दिवा दिसेल असे पाहा. झूम ५५ मिमीवर, छिद्र एफ/५.६ वर आणि फोकस मोजपट्टीवर ठेवून छायाचित्र काढा. दिव्याची चकती मोजपट्टीवरच्या खुणांशी ताडून पाहिली, तर ती सुमारे एक सेंटिमीटर रुंद भरेल. आता कॅमेरा न हलवता झूम १८ मिमीवर आणा आणि छिद्र पूर्ण उघडा, म्हणजे एफ/३.५ करा. एफ नंबर लहान झाला, तरी चकती निम्म्यावर, सुमारे ५ मिमीवर आलेली दिसेल, कारण १८ भागिले ३.५ म्हणजे ५.१. किट लेन्स वापरणारे अनेक जण ‘३.५ हा आकडा लहान आहे’ म्हणून रुंद टोकाला माणसांची छायाचित्रे काढतात आणि निराश होतात, त्याचे कारण इथे मिळते.

आतापर्यंतचा हिशेब फार दूरच्या पार्श्वभूमीचा झाला. पार्श्वभूमी जवळ असेल, तर प्रकाशाची ती नळी न राहता शंकू होतो. त्याचे टोक पार्श्वभूमीच्या बिंदूवर असते आणि तळ लेन्सच्या छिद्रावर. व्यक्तीच्या पातळीवर शंकूची जाडी किती उरते, हे एका गुणोत्तरावर ठरते: व्यक्तीपासून पार्श्वभूमीपर्यंतचे अंतर भागिले कॅमेऱ्यापासून पार्श्वभूमीपर्यंतचे अंतर. व्यक्ती कॅमेरा आणि भिंत यांच्या बरोबर मध्यावर उभी असेल, तर चकती छिद्राच्या निम्मी होते. व्यक्ती भिंतीला टेकलेली असेल, तर कितीही मोठ्या छिद्राची लेन्स आणली तरी भिंत धूसर होणार नाही.

आता तुमच्या तिन्ही लेन्स या हिशेबात घालून पाहू. व्यक्तीचा कमरेपासून वरचा भाग, म्हणजे साधारण ९० सेंटिमीटर उंची, उभ्या चौकटीत घ्यायची आहे असे धरू. एपीएस-सी सेन्सरवर त्यासाठी फोकल लेंग्थच्या सुमारे चाळीसपट अंतरावर उभे राहावे लागते: ५० मिमीला दोन मीटर, ८५ मिमीला ३.४ मीटर आणि २५० मिमीला तब्बल दहा मीटर. किट लेन्सच्या ५५ मिमीला २.२ मीटर लागतात. भिंत किंवा झुडूप व्यक्तीच्या फक्त एक मीटर मागे असेल, तर चकती किट लेन्समध्ये ३ मिमी, ५० मिमीमध्ये ९ मिमी, ८५ मिमीमध्ये ११ मिमी आणि २५० मिमीमध्ये ४ मिमी येते. म्हणजे जवळच्या पार्श्वभूमीपुढे ती लांबलचक झूम लेन्स किट लेन्सच्या जेमतेम पुढे आहे, आणि ५० व ८५ यांत फारसे अंतर नाही. इथे ‘एफ नंबर पाहा’ म्हणणारा मित्र बरोबर ठरतो.

पार्श्वभूमी व्यक्तीच्या दहा मीटर मागे गेली की चित्र पालटते. किट लेन्स ८ मिमी, ५० मिमी आणि २५० मिमी दोन्ही २२-२३ मिमीच्या आसपास आणि ८५ मिमी ३५ मिमी. क्षितिजावरच्या टेकड्या किंवा दूरवरचे दिवे घेतले, तर किट लेन्स १०, पन्नासची लेन्स २८, आणि पंच्याऐंशीची व अडीचशेची जवळपास सारख्या, ४७ आणि ४५. एफ/५.६ ची झूम एफ/१.८ च्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सच्या बरोबरीला येते, हे ऐकून अनेकांना खोटे वाटते, पण मोकळ्या मैदानात ते प्रत्यक्ष दिसते. दुसऱ्या मित्राची छायाचित्रे अशाच ठिकाणची असावीत.

लांब लेन्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते आणि ती धूसरपणाहून वेगळी आहे. दूर उभे राहिल्यामुळे पार्श्वभूमीचा फार थोडा भाग चौकटीत येतो. वरच्याच उदाहरणात पार्श्वभूमी दहा मीटर मागे असताना चौकटीच्या उंचीत ५० मिमी लेन्स पार्श्वभूमीचे ५.४ मीटर दाखवते, ८५ मिमी ३.५ मीटर आणि २५० मिमी फक्त १.८ मीटर. त्यामुळे पन्नासच्या लेन्समध्ये चौकटीत येणारी गाडी, फलक आणि विजेची तार २५० मिमीला वगळता येते. एक पाऊल डावीकडे सरकले की पार्श्वभूमी पूर्ण बदलते. डोळ्याला शांत वाटणारी पार्श्वभूमी पुष्कळदा जास्त धूसर असते असे नाही. तिच्यात वस्तूच कमी असतात. छायाचित्राचा हा गुण लेन्सच्या छिद्रामुळे आलेला नसतो, तर उभे राहण्याच्या जागेमुळे आलेला असतो. मला तो धूसरपणाइतकाच मोलाचा वाटतो.

इथे डेप्थ ऑफ फील्डबद्दल, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याच्या खोलीबद्दल, एक गैरसमज दूर करायला हवा. चौकटीत व्यक्तीचा तेवढाच भाग ठेवला आणि एफ नंबरही तोच ठेवला, तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली फोकल लेंग्थ बदलली तरी जवळजवळ तितकीच राहते. कमरेपासून वरच्या चौकटीत एफ/१.८ ला ती सुमारे ११-१२ सेंटिमीटर असते, ५० मिमीलाही आणि ८५ मिमीलाही. दूरची पार्श्वभूमी मात्र एकीत २८ मिमीच्या चकत्यांची आणि दुसरीत ४७ मिमीच्या चकत्यांची होते. म्हणजे ‘नाकापासून कानापर्यंत किती स्पष्ट येईल’ आणि ‘मागचे झाड किती विरघळेल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि लांब लेन्स घेऊन दुसऱ्यात फायदा मिळवताना पहिल्यात तोटा सोसावा लागत नाही. माणसांच्या छायाचित्रांसाठी ८५ मिमीला जे मानाचे स्थान आहे, त्यामागे हे एक भक्कम कारण आहे.

चकतीचा आकार चौकटीच्या तुलनेत पाहावा लागतो, हेही ध्यानात घ्या. २८ मिमीची चकती ९० सेंटिमीटरच्या चौकटीच्या उंचीचे तीन टक्के व्यापते. पूर्ण माणूस घेण्यासाठी चौकट १८० सेंटिमीटरची केली की तीच चकती दीड टक्क्यावर येते. नुसता चेहरा आणि खांदे घेतले, तर ती सहा टक्क्यांवर जाते. म्हणूनच पूर्णाकृती छायाचित्रात पार्श्वभूमी धूसर करणे सर्वांत अवघड असते आणि चेहऱ्याच्या छायाचित्रात ते इतके सोपे असते, की छिद्र पूर्ण उघडण्याची गरजच पडत नाही. चेहऱ्याच्या जवळच्या चौकटीत एफ/१.८ ला स्पष्ट पट्टा सुमारे तीन सेंटिमीटरचा उरतो. व्यक्तीने मान जरा वळवली की जवळचा डोळा स्पष्ट आणि पलीकडचा मऊ अशी अवस्था होते. मी अशा वेळी ८५ मिमीवर एफ/२.८ वापरतो. छिद्र ३० मिमीचे होते, पट्टा साडेचार सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तरीही दूरची पार्श्वभूमी चौकटीच्या तुलनेत कमरेपासून वरच्या एफ/१.८ च्या छायाचित्रापेक्षा जास्तच धूसर राहते.

सेन्सरच्या आकाराविषयी थोडक्यात सांगतो. तीच लेन्स त्याच जागेवरून फुल फ्रेम (एपीएस-सीपेक्षा मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लावली, तरी व्यक्तीच्या पातळीवरची चकती बदलत नाही, कारण छिद्र तेच असते. फरक असा, की एपीएस-सीवर तेवढीच चौकट मिळवायला त्याच जागेवरून लहान फोकल लेंग्थ लागते आणि लहान फोकल लेंग्थचे छिद्र त्याच एफ नंबरला लहान असते. १.५ क्रॉपच्या (फुल फ्रेमपेक्षा दीडपट लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी एफ/१.८ जे देते, ते फुल फ्रेमवर ७५ मिमी साधारण एफ/२.७ ला मिळते. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचे छिद्र काही मिलिमीटरचेच असते, म्हणून तिथला पोर्ट्रेट मोड खोलीचा अंदाज बांधून धूसरपणा गणिताने तयार करतो, आणि मोकळ्या केसांच्या कडांशी तो अंदाज अनेकदा चुकतो.

धूसरपणा किती, हे इथवर पाहिले. तो कसा दिसतो, ज्याला बोके म्हणतात, ते मात्र या भागाकारातून कळत नाही, आणि दोन लेन्सचे आकडे सारखे असूनही छायाचित्रे वेगळी का भासतात, याचे उत्तर या बोकेत आहे. चकतीच्या आत प्रकाश कसा वाटला गेला आहे, हे मी सर्वांत आधी पाहतो. गोलीय विपथन (भिंगाच्या मधले आणि कडेचे किरण एकाच ठिकाणी न जुळण्याचा दोष) थोडे शिल्लक ठेवलेल्या काही लेन्समध्ये पार्श्वभूमीच्या चकत्या मध्याशी उजळ आणि कडेला विरत जाणाऱ्या असतात, त्यामुळे त्या एकमेकींत मिसळून जातात. हेच विपथन गरजेपेक्षा जास्त सुधारले गेले, तर चकतीची कड उजळ होते आणि मागच्या काटक्या, गवताची पाती किंवा तारा दुहेरी रेघांसारख्या दिसू लागतात. पाती सातच आणि सरळ कडांची असतील, तर छिद्र थोडे लहान करताच चकत्या सप्तकोनी होतात. चौकटीच्या कोपऱ्यांत त्या मांजराच्या डोळ्यासारख्या चपट्या होतात, कारण तिरक्या किरणांना लेन्सची नळी अडवते; छिद्र एक-दोन स्टॉप (एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) बंद केले की त्या पुन्हा गोल होऊ लागतात. ॲस्फेरिकल (गोलाकार वक्रता नसलेल्या) भिंगांवर साच्याच्या सूक्ष्म रेघा राहिल्या असतील, तर चकतीत कांद्याच्या कापासारखी वलये दिसतात. मोठ्या छिद्राच्या स्वस्त लेन्समध्ये पार्श्वभूमीच्या कडांना हिरवट आणि फोकसच्या पुढच्या वस्तूंना जांभळट झाकही येते.

काही लेन्स खास याच कामासाठी बनवलेल्या आहेत. सोनीची १३५ मिमी एसटीएफ आणि फुजीफिल्मची ५६ मिमी एफ/१.२ एपीडी यांत कडेकडे गडद होत जाणारा फिल्टर आतच बसवलेला आहे, त्यामुळे चकतीची कड विरून जाते; त्याची किंमत म्हणून प्रकाश कमी मिळतो. निकॉनच्या १०५ आणि १३५ मिमीच्या डीसी लेन्समध्ये वेगळे कडे फिरवून पार्श्वभूमीचा किंवा पुढच्या भागाचा मऊपणा ठरवता येत असे. या लेन्सची तुम्हाला आज गरज नाही, पण धूसरपणाचे प्रमाण आणि त्याचा पोत या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्यावरून नीट कळते.

पोताच्या बाबतीत लेन्सइतकाच दोष पार्श्वभूमीच्या निवडीत असतो, असे मी आग्रहाने सांगेन. झाडाच्या पानांमधून झिरपणारे ऊन ही सर्वांत अवघड पार्श्वभूमी आहे, कारण प्रत्येक फट हा एक प्रखर दिवा असतो आणि त्याची स्वतंत्र चकती उमटते. तेच झाड सावलीत असेल, तर पन्नासची साधी लेन्सही ते सुरेख विरघळवते. म्हणून लेन्स बदलण्याआधी व्यक्तीला पाच पावले पुढे बोलवावे आणि तिच्या मागे सारख्या उजेडाची जागा येईल असे उभे राहावे.

उन्हात छिद्र पूर्ण उघडताना शटरकडेही पाहावे लागते. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० वर एफ/१.८ ला १/८००० सेकंदाच्या आसपास शटर लागतो आणि साध्या कॅमेऱ्यांचा शटर अनेकदा १/४००० ला थांबतो. अशा वेळी एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर लावावा किंवा सावली शोधावी. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरच्या पहिल्या पडद्याचे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करणारी सोय) चालू ठेवून इतका वेगवान शटर वापरला, तर चकत्या एका बाजूने कापल्यासारख्या दिसू शकतात. तेव्हा पूर्ण मेकॅनिकल शटरचा पर्याय निवडावा.

आता तुमच्या निवडीकडे येतो. ५५-२५० ही उपयोगी लेन्स आहे, पण तुम्हाला माणसांची छायाचित्रे काढायची आहेत आणि २५० मिमीवर दहा मीटरवरून समोरच्याशी बोलत, त्याला सहज करत काम करणे मला तरी जमण्यासारखे वाटत नाही. शिवाय एफ/५.६ ला एफ/१.८ च्या सुमारे एक दशांश प्रकाश मिळतो, आणि हात हलल्याचा परिणाम टाळायला शटरही जास्त वेगवान ठेवावा लागतो. पक्षी किंवा खेळ यांचीही आवड असेल, तरच तिचा विचार करावा. ५० आणि ८५ यांतली निवड जागेवर ठरते. घरात, जिथे पार्श्वभूमी एक-दीड मीटरवर असते आणि मागे सरकायला जागा नसते, तिथे ८५ मिमीचा फायदा नगण्य आहे आणि गैरसोय मोठी. मोकळ्या जागेत मात्र ८५ मिमीची आघाडी स्पष्ट आहे: कमरेपासून वरच्या चौकटीला साडेतीन मीटर आणि पूर्णाकृतीला सात मीटर मागे सरकता येत असेल, तर मी तीच घ्या असे सांगेन.

तुम्ही नेमके कुठे छायाचित्रे काढता, हे आठवणीवर सोडू नका. आतापर्यंत काढलेल्या माणसांच्या छायाचित्रांची माहिती संगणकावर उघडा आणि त्यांची फोकल लेंग्थ पाहा. बहुतेक छायाचित्रे ५५ मिमीला काढलेली असतील आणि तरी ती कापून आणखी जवळ आणावी लागली असतील, तर ८५ मिमी तुमच्या सवयीला जुळेल. बहुतेक ४५ ते ५५ च्या दरम्यान असतील आणि चौकट योग्य वाटत असेल, तर ५० मिमी घ्या. दूरच्या पार्श्वभूमीच्या चकत्या आजच्या जवळजवळ तिप्पट होतील. आणि बहुतेक ३० ते ३५ च्या आसपास असतील, म्हणजे मागे सरकायला जागाच नसते असे दिसले, तर यादीत नसलेली ३५ मिमी एफ/१.८ पाहावी. तिचे छिद्र १९ मिमीचे आहे, तुमच्या किट लेन्सच्या सर्वोत्तम टोकाच्या जवळजवळ दुप्पट, आणि ती तुमच्या नेहमीच्या जागेवरून वापरता येईल.